केशभूषेची धग आणि पापण्यांची राखण

(सीमाभागातील ग्रामीण भगिनींसाठी चालविलेल्या सौंदर्यप्रसाधन प्रशिक्षणवर्गाच्या समारोपप्रसंगी एका नेत्रचिकित्सकाने निपाणी येथे दिलेले व्याख्यान.)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पापणीचा केस तो केवढा आणि त्यावर व्याख्यान ते कसले, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असल्यास त्यात गैर काही नाही. परंतु मी आयुष्यभर डोळ्यांच्या दवाखान्यात काम केलेला मनुष्य आहे. ज्या गोष्टी लहान म्हणून दुर्लक्षिल्या गेल्या, त्यांनीच पुष्कळांचे डोळे दुखविलेले मी पाहिले आहेत. म्हणून या लहान विषयासाठी मी आपला थोडा वेळ घेणार आहे.

पूर्वी आपल्या भागात लग्नघरी नवरीची वेणीफणी घरातील मावशी किंवा आत्या करीत असे. खोबरेल तेल, लाकडी फणी, अंबाडा आणि वर गजरा, एवढ्यावर काम भागत असे. आता बेळगावच्या बाजारपेठेतील ब्युटी पार्लर निपाणी, चिकोडी आणि संकेश्वर ओलांडून खेड्यांतील घरांच्या पुढच्या खोलीत येऊन पोहोचले आहे. त्याबरोबर केस वाळविणारा ड्रायर आला, केस सरळ करणारा स्ट्रेटनर आला, बटा कुरळ्या करणारा तापता चिमटा आला. आणि अलीकडे नवरीच्या पापण्यांना एकेक कृत्रिम केस डिंकाने चिकटवून त्या लांब व दाट करण्याची रीतही आली. हिला सर्वजण ‘आयलॅश एक्स्टेन्शन’ म्हणतात; मी सोयीसाठी ‘जोड पापण्या’ असे म्हणेन.

या दोन्ही कला स्वतंत्रपणे चांगल्या आहेत आणि अनेक भगिनींच्या संसाराला त्यांचा आधार झाला आहे. अडचण उभी राहते ती दोन्ही एकाच चेहऱ्यावर, एकाच सकाळी एकत्र येतात तेव्हा. कारण केशभूषेचे काम उष्णतेवर चालते आणि जोड पापणी उष्णतेपुढे टिकत नाही.

काही वर्षांपूर्वी मुहूर्ताला दोन तास उरले असताना एका नवरीला माझ्याकडे आणण्यात आले. कपाळावरील बट तापत्या चिमट्याने कुरळी करून सोडली, ती तशीच गरम असताना उजव्या डोळ्यावर पडली. जोड पापण्यांचे केस मऊ होऊन एकमेकांस चिकटले आणि त्यांची एक गाठ झाली. घाबरून कोणीतरी ती गाठ ओढली. त्यासरशी मूळच्या पापण्यांचे केसही तुटून आले. सुदैवाने बुबुळाला इजा नव्हती. नवरी लाल डोळ्याने का होईना, बोहल्यावर उभी राहिली. परंतु तिची केशभूषा करणाऱ्या मुलीकडे त्या गावातून पुन्हा कोणी गेले नाही. नव्यानेच धंदा मांडलेली ती मुलगी. चिमटा कसा धरावा हे तिला शिकविले होते, पापणी कशी लावावी हेही शिकविले होते. मात्र दोन्ही एकत्र आल्यास काय होते, हे तिला कोणीच सांगितले नव्हते. दोष तिचा कमी आणि आम्हां जाणत्यांचा अधिक, असे मला तेव्हा वाटले. आजचे हे बोलणे त्या जाणिवेतून आहे.

या दोन कलांचे नाते जुने आहे. कार्ल नेसलर नावाच्या जर्मन केशकलाकाराने १९०२ साली लंडनमध्ये कृत्रिम भुवया व पापण्या तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे थोड्याच वर्षांत याच गृहस्थाने उष्णतेच्या साहाय्याने दीर्घकाळ टिकणारे कुरळे केस करण्याची रीत जगापुढे मांडली. त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांत त्याच्या स्वतःच्या पत्नीचे केस जळाले आणि डोक्याची कातडी भाजली. त्यानंतर तप्त पितळी नळ्या डोक्याला टेकू नयेत म्हणून त्याने त्या वरच्या झुंबराला वजनांनी तोलून टांगल्या. तापलेले साधन अंगापासून दूर राखण्याची युक्ती साधली, तेव्हाच त्याची कला लोकांच्या उपयोगी पडली. आपला आजचा धडाही हाच आहे.

आता या जोड पापण्या कशाच्या असतात ते पाहू. डबीवर ‘रेशीम’ किंवा ‘मिंक’ असे लिहिलेले असते; परंतु ही बहुधा नुसती नावेच असतात. आतील धागा बहुतेक वेळा पॉलिब्युटिलीन टेरेफ्थॅलेट, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचा असतो. कारखान्यात या धाग्याला उष्णता देऊनच बाक आणतात. जो बाक उष्णतेने आला, तो उष्णतेनेच जातो. हे प्लॅस्टिक सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या आसपास सैल पडू लागते आणि सुमारे २२५ अंशांवर वितळते. चिकटविण्याचा डिंक सायनोअ‍ॅक्रिलेट जातीचा असतो. अमेरिकेतील ईस्टमन कोडक कंपनीतील हॅरी कूव्हर यांना हा पदार्थ १९४२ साली प्रथम आढळला. तो हवेतील ओलाव्याने आवळतो. परंतु घट्ट झाल्यावरही साधारण ८० अंशांपलीकडे तो दुबळा होऊ लागतो.

या आकड्यांशेजारी आपल्या साधनांचे आकडे ठेवा. स्ट्रेटनर आणि चिमटा १५० ते २३० अंशांपर्यंत तापतात. म्हणजे त्यांच्या स्पर्शाने जोड पापणी नुसती सरळ होत नाही, ती वितळूही शकते. ड्रायरविषयी कोरियातील संशोधकांनी २०११ साली केलेली मोजणी लक्षात ठेवण्याजोगी आहे. ड्रायर केसांपासून १५ सेंटिमीटरवर धरला असता तेथील तापमान सुमारे ४७ अंश भरले, १० सेंटिमीटरवर ६१ अंश आणि ५ सेंटिमीटरवर ९५ अंश. याचा अर्थ असा की वीतभर अंतरावर पापणी तग धरते, आणि चार बोटांच्या अंतरावर ती हातची जाते. मधल्या या थोड्याशा जागेत आपल्या धंद्याची सारी अब्रू आहे.

हे खरे की नाही, याची परीक्षा प्रत्येक शिक्षिकेने वर्गात करून दाखवावी. न वापरलेला एक कृत्रिम केस लांब चिमटीत धरावा. प्रथम वीतभर अंतरावरून अर्धा मिनिट गरम हवा द्यावी, मग चार बोटांवरून द्यावी. नंतर तो केस नव्या केसाशेजारी पांढऱ्या कागदावर ठेवून दोघांचा बाक ताडून पाहावा. पुस्तकातील पानभर मजकुरापेक्षा हा एक केस विद्यार्थिनींना अधिक शिकवील.

जोड पापणी बिघडल्याने केवळ शोभा जाते असे समजू नये. पापणीच्या मूळच्या केसांना निसर्गाने काम नेमून दिलेले आहे. वरच्या पापणीला साधारण १०० ते १५० केस असतात. धूळ जवळ आली की त्यांच्या मुळाशी असलेल्या मज्जातंतूंना ती कळते आणि डोळा मिटतो. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी २०१५ साली २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्या तपासल्या. पापणीच्या केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एकतृतीयांश असते आणि त्या लांबीने डोळ्यावर येणारा वाऱ्याचा झोत सर्वांत कमी होतो, असे त्यांना आढळले. त्याहून लांब पापण्या वारा अडविण्याऐवजी तो डोळ्याकडे वळवितात. तेव्हा अतिलांब जोड पापण्या लावलेल्या स्त्रीच्या चेहऱ्यासमोर ड्रायर धरणे म्हणजे तिच्या डोळ्यांतील ओलावा अधिक वेगाने उडवून लावण्यासारखे आहे. शिवाय पापणीची कातडी शरीरातील सर्वांत पातळ कातडी होय. तिला भाजण्यास वेळ लागत नाही.

पापणीचा केस बिघडला तर डोळ्याची काय दशा होते, हे आपल्या वडीलधाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. खुपऱ्यांच्या रोगात पापणी आत वळत असे, तिचे केस बुबुळावर घासत आणि हळूहळू दृष्टी जात असे. त्या रोगाविरुद्ध १९६३ साली देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली जाहीर केले. साठ वर्षांच्या कष्टांनी ज्या पापण्या आपण राखल्या, त्या हौसेपायी दुखावून घेणे बरे नव्हे.

आता प्रत्यक्ष आचरणाच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कामाच्या क्रमाची. लग्नाच्या सकाळी जोड पापण्या लावून त्यावर लगेच केशभूषा करण्यास बसू नये. डिंक सोसतो की नाही हे पाहण्यासाठी निदान दोन दिवस आधी एकदोन केस लावून चाचणी घ्यावी. लाली, खाज किंवा सूज आल्यास तो बेत सोडून द्यावा. चाचणी निर्वेध झाल्यास हळदीच्या किमान एक दिवस आधी पापण्या लावाव्यात, कारण पहिले चोवीस तास पाणी व वाफ टाळावी असे बहुतेक उत्पादक सांगतात. हळद लावताना तेल-हळद डोळ्यांजवळ येऊ देऊ नये, कारण तेलाने डिंकाची पकड ढिली होते.

इतका वेळ हाताशी नसल्यास पट्टीच्या पापण्या वापराव्यात. सारी केशभूषा उरकून साधने थंड झाल्यावर त्या शेवटी लावाव्यात आणि रात्री काढून ठेवाव्यात. माझे स्पष्ट मत असे आहे की खेड्यातील बहुतेक नवऱ्या मुलींसाठी हाच मार्ग स्वस्त आणि निर्धोक आहे. जिचे डोळे आधीच लाल किंवा कोरडे आहेत, तिला तर काहीच लावू नये. तिला तसे सांगण्याने एक गिऱ्हाईक कमी होईल, पण आपल्या शब्दाला किंमत येईल.

दुसरी गोष्ट वाऱ्याच्या दिशेची. ड्रायरचा झोत कपाळाकडून मागे, मानेकडे जावा. खालून वर किंवा मागून पुढे चेहऱ्यावर तो कधीही येऊ नये. अंतर वीतभर ठेवावे आणि हात सतत हलता असावा. कपाळावरच्या व कानशिलाच्या बटांना थंड हवाच द्यावी. थोडा वेळ अधिक लागेल. तो लागू द्यावा.

तिसरी गोष्ट चिमट्याची. पुढच्या बटांना तापते साधन लावण्यापूर्वी समोरच्या स्त्रीस डोळे मिटण्यास सांगावे. बट चेहऱ्यापासून दूर ओढून धरावी आणि दुसऱ्या हातातील रुंद फणी आडोशासारखी भुवईवर धरावी. बट कुरळी झाली की लगेच सोडू नये. ती तळहातावर किंवा क्लिपमध्ये धरून थंड होऊ द्यावी आणि मगच कपाळावर येऊ द्यावी. मघाशी सांगितलेल्या प्रसंगात चिमटा पापणीला लागलाच नव्हता. पापणी गेली ती गरम बटेने. ओल्या केसांवर चिमटा दाबू नये, कारण त्यातून निघणारी वाफ थेट डोळ्यांवर येते. केस बसविण्याचा फवारा मद्यार्कयुक्त व ज्वालाग्राही असतो. तापत्या साधनाजवळ तो मारू नये, आणि मारताना डोळे मिटलेले असावेत. केसांना उष्णतेपासून जपणारी जी द्रव्ये मिळतात, ती डोक्याच्या केसांसाठी आहेत, पापण्यांना ती लावू नयेत.

चौथी गोष्ट बिघडल्यानंतरची. वाकडी झालेली जोड पापणी तापविलेल्या चमच्याने किंवा गरम चिमट्याने पुन्हा वळविण्याचा खटाटोप काहीजणी करतात. हा धोक्याचा प्रकार आहे. बिघडलेला एकेक केस योग्य द्रव्याने सैल करून जाणत्या हातांनीच काढावा. ओढून काढल्यास मूळचा केस मुळासकट येतो, आणि तो पुन्हा पूर्ण वाढण्यास काही महिने लागतात. वारंवार ओढल्यास तो कायमचाही जातो.

पापणी भाजली किंवा वितळलेला धागा कातडीला चिकटला, तर स्वच्छ थंड पाणी वीस मिनिटे हळुवार सोडत राहावे. डोळ्यात काचभिंग, म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास ते काढावे. तूप, हळद, मध, दंतमंजन, काजळ यांपैकी काहीही लावू नये. चिकटलेला भाग उपटू नये आणि डिंक विरघळविण्यासाठी नखांच्या रंगावरील द्रव डोळ्याजवळ आणू नये. दुखणे, अंधुक दिसणे किंवा उजेड न सोसणे यांपैकी एकही लक्षण असल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. मुहूर्त टळेल म्हणून डोळा टांगणीला लावू नये.

पार्लरमधून नवरी बाहेर पडली म्हणजे आपले काम संपले असे मानू नका. तिला पुढे होमासमोर बसावयाचे असते. लाह्यांची आहुती पडते, तुपाने ज्वाळा वर येते आणि धूर चेहऱ्यावर येतो. अशा वेळी थोडे मागे बसावे व मान किंचित वळवावी, हे तिला आणि तिच्या करवलीला आधीच सांगून ठेवावे. सासरी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ती चुलीपुढे फुंकणी घेऊन बसेल, कुकरचे झाकण उघडील किंवा तव्यावरील भाकरी उलटील. तेथील वाफ व धग आपल्या ड्रायरहून सौम्य नसते. झाकण उघडताना चेहरा बाजूला घ्यावा आणि जोड पापण्या असेतोवर चूल फुंकू नये. एवढे दोन शब्द कागदावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हाती द्यावेत. आपल्या भागात दोन्ही भाषांची घरे आहेत आणि डोळ्याचे दुखणे भाषा विचारून येत नाही.

खरेदी करताना डबीवर उत्पादकाचे नाव व पत्ता, तुकडी क्रमांक आणि वापराची मुदत आहे की नाही, हे पाहावे. प्रसाधनांच्या वेष्टनावर हा तपशील असावा असे २०२० च्या प्रसाधन नियमांत सांगितले आहे. बिननावाची डबी चार पैसे कमी पडते म्हणून घेऊ नये. तिच्यातील धागा किती अंशांवर वितळेल आणि डिंकात काय मिसळले आहे, हे कोणीच सांगू शकणार नाही.

शेवटी, भगिनींनो, एक गोष्ट आपल्या स्वतःच्या डोळ्यांविषयी. या डिंकाची वाफ नाकाडोळ्यांना झोंबते. गरम हवा चालू असलेल्या कोंदट खोलीत ती अधिक जाणवते. म्हणून खिडकी उघडी ठेवावी, डिंकाच्या बाटलीचे झाकण लगेच लावावे आणि डोळे चुरचुरू लागल्यास काम थांबवावे.

निपाणीत हे सांगताना मला तंबाखूच्या वखारी आठवल्याशिवाय राहत नाहीत. तंबाखू चाळताना उडणाऱ्या धुळीत आपल्यापैकी कित्येकींच्या आया आणि आज्या पदराने डोळे पुसत राबल्या. त्यांनी संघटित होऊन दिलेल्या लढ्यावर ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ साली माहितीपटही केला. त्या पिढीला कामाच्या बदल्यात मजुरी मिळाली, परंतु त्या मजुरीबरोबर दुखरे डोळे आणि खोकलाही घरी आला. आपण आज स्वतःच्या हिमतीवर नवा धंदा मांडीत आहात. या धंद्यात आपले डोळे सुखरूप राहावेत आणि आपल्या हाताखाली विश्वासाने डोळे मिटून बसलेल्या मुलीचेही राहावेत, एवढे आपल्याला खचित साधता येईल. त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. वीतभर अंतर, एक रुंद फणी आणि बट थंड होईपर्यंतचा धीर एवढ्यावर ते काम होते.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करावा, अधिकाऱ्यांनी प्रशिक्षणाच्या पाठ्यक्रमात या विषयाला एक तास द्यावा आणि ग्रामस्थांनी आपल्या मुलीच्या लग्नात केशभूषेसाठी घाई करू नये, अशी माझी विनंती आहे.